पडद्यावरचे पिवळे ठिपके

समोर उभा असलेला आपला मुलगाच आहे का, हे जिला चेहऱ्यावरून सांगता येत नाही, तीच आजी पायाशी पडलेलं नाणं झटकन उचलते. अंगणातून न अडखळता चालते. पडवीच्या कोपऱ्यात शिरलेली कोंबडी तिला दिसते, पण सुपातल्या तांदळातला खडा दिसत नाही. सुनेला वाटतं, हिला सोयीनं दिसतं. शेजारी म्हणतात, मोतीबिंदू पिकला असेल, शिबिर लागलं की घेऊन जा. महाड-पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांत तरुण माणसं मुंबईला आणि घरात साठी-सत्तरीची माणसं उरलेली असतात. तिथे म्हातारपणीच्या डोळ्यांच्या प्रत्येक तक्रारीला मोतीबिंदू हे एकच नाव मिळतं. आजी मात्र खरं तेच सांगत असते. तिला कडेचं सगळं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही.

डोळ्यात शिरलेला उजेड शेवटी ज्या थरावर पडतो त्याला आपण पडदा म्हणतो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. एवढ्याशा जागेत अंधूक उजेडात काम करणाऱ्या सुमारे बारा कोटी दंडपेशी आहेत, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या साठ लाखांच्या आसपास शंकुपेशी. पडद्याच्या मधोमध साडेपाच मिलिमीटर रुंदीचा एक भाग आहे, त्याला पीतबिंदू म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी मॅक्युला. त्याच्याही मध्यात दीड मिलिमीटरचा खळगा असतो आणि त्यात शंकुपेशींची सर्वांत जास्त दाटी असते. पोथी वाचणं, सुईत दोरा ओवणं, गर्दीत आपलं माणूस ओळखणं, हे सगळं या खळग्याच्या जिवावर चालतं. उरलेला पडदा आजूबाजूचं भान ठेवतो. वयोमानाने पीतबिंदू झिजू लागला की भान राहतं आणि बारकावा जातो. या आजाराला डॉक्टर थोडक्यात एएमडी म्हणतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात एकोणीस कोटी साठ लाख लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात असणार होता, आणि २०४० पर्यंत हा आकडा अठ्ठावीस कोटी ऐंशी लाखांवर जाईल.

पीतबिंदूचा पिवळा रंग कुठून येतो तेही सांगायला हवं. तो ल्युटीन आणि झिॲझँथिन या द्रव्यांचा. माणसाचं शरीर ती बनवू शकत नाही, अन्नातूनच घ्यावी लागतात. हिरव्या पानांत ल्युटीन भरपूर असतं. माठ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात डोंगरावरून खुडून आणलेल्या भाज्या, यांतला एक अंश रक्तातून फिरत फिरत डोळ्याच्या तळाशी पोचतो आणि बरोबर त्या मधल्या जागेत जाऊन साठतो. तिथे तो प्रखर निळा उजेड अडवतो. ताटातल्या पालेभाजीचा रंग आपल्या नजरेच्या केंद्रस्थानी लावलेला आहे, हे वाचून मी कितीतरी वेळ थांबलो होतो.

हे सगळं जिवंत माणसाच्या डोळ्यात पाहता येतं, ही गोष्ट मात्र फार जुनी नाही. बाहुली काळी दिसते ती आत अंधार आहे म्हणून नव्हे. आत गेलेल्या उजेडातला थोडा पडद्यावरून परत फिरतो, पण डोळ्यातल्या भिंगामुळे तो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. त्या वाटेवर डोळा लावायला जावं तर आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं. १८५० साली कोनिग्सबर्गमधल्या एकोणतीस वर्षांच्या हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी यावर साधा तोडगा काढला. काचेची पट्टी तिरपी धरायची, दिव्याचा उजेड तिच्यावरून परावर्तित करून समोरच्याच्या डोळ्यात सोडायचा आणि त्याच काचेतून आरपार बघायचं. जाणारा उजेड आणि परतणारा उजेड एकाच वाटेवर, आणि बघणाराही त्याच वाटेवर. काळ्या बाहुलीच्या जागी लालसर तळ उजळला आणि त्यावर रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसल्या. कातडी न कापता जिवंत रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी नस थेट नजरेने पाहता येईल अशी दुसरी जागा माणसाच्या शरीरात नाही.

पाहणं जमलं, तरी ते कागदावर उतरवायला पुढे सुमारे पस्तीस वर्षं गेली. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो काढला, तेव्हा रुग्णाला अडीच मिनिटं डोळा स्थिर ठेवावा लागला होता. आजचा कॅमेरा आधी अवरक्त उजेडात पडदा शोधतो. तो उजेड डोळ्याला जाणवतच नाही, त्यामुळे बाहुली आकसत नाही. नेम बसला की क्षणभराचा फ्लॅश पडतो आणि फोटो तयार. अनेकदा बाहुली मोठी करायचे थेंबही घालावे लागत नाहीत.

उजव्या डोळ्याचा असा फोटो समोर धरा. नारिंगी-लाल गोल दिसतो. त्यात उजवीकडे फिकट पिवळी, साधारण दीड मिलिमीटरची चकती असते. लाखो मज्जातंतू तिथे एकत्र येऊन मेंदूकडे निघतात. याच चकतीतून रक्तवाहिन्या बाहेर पडतात आणि वर-खाली कमान करून पसरतात. त्या कमानीच्या कुशीत, डावीकडे, एक गडद आणि निवांत जागा दिसते. मोठी रक्तवाहिनी एकही तिथे जात नाही. हाच पीतबिंदू. रक्तवाहिन्यांनीसुद्धा त्याच्यासाठी वाट सोडलेली आहे, कारण त्यांची सावलीही बारीक नजरेच्या आड येईल.

आजाराची पहिली खूण याच निवांत जागेत उमटते. पिवळट पांढरे बारीक ठिपके. त्यांना ड्रुसेन म्हणतात. ते कशाचे बनतात हे समजून घेताना डोळ्याच्या आत रोज चालणारं एक काम कळतं, आणि ते मला या विषयातलं सगळ्यांत विलक्षण वाटतं. उजेड टिपणाऱ्या पेशींची टोकं सतत झिजतात. ती टाकून द्यायची आणि खालून नवी वाढवायची, असं अखंड चालू असतं. दंडपेशी आपली जुनी टोकं पहाटे, उजेड व्हायच्या सुमाराला टाकतात. त्यांच्या मागे काळसर रंगाच्या पेशींचा एकच थर असतो, तो ही टोकं गिळतो आणि पचवतो. प्रत्येक टोकाचा सुमारे दहावा भाग रोज जातो, म्हणजे साधारण दहा दिवसांत सगळा भाग नवा होतो. गिळणाऱ्या पेशींची संख्या मात्र वाढत नाही. तारुण्यात ज्या पेशी असतात त्याच सत्तरीतही काम करत असतात, एकही दिवस सुट्टी न घेता.

सत्तर वर्षांच्या पहाटा मोजल्या तर पंचवीस हजारांवर जातात. इतक्या सफाईनंतर थोडं न पचलेलं मागे राहणारच. चरबी आणि प्रथिनांचे ते ढिगारे काळसर थराखाली साचतात आणि फोटोत पिवळे ठिपके म्हणून दिसतात. पेशींच्या आत उरलेल्या गाळाची तऱ्हा आणखी निराळी. ठरावीक रंगाचा उजेड टाकला तर तो स्वतःच चमकतो. तो चमकदार फोटो पाहून डॉक्टरांना कळतं की कुठल्या पेशी ओझ्याखाली आहेत आणि कुठल्या संपल्या, कारण पेशी मेल्या तिथे काळोख दिसतो.

पन्नाशीनंतर एखाददुसरा बारीक, रेखीव कडेचा ठिपका दिसला तर घाबरू नये, तो वयाचा भाग आहे. मोठे, मऊ कडेचे, एकमेकांत मिसळू लागलेले ठिपके काळजीचे. मोठा कुणाला म्हणायचं? एका मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे १२५ मायक्रोमीटर, ही सीमा मानली जाते. पण फोटोवर मोजपट्टी कुठे ठेवणार? ती फोटोतच असते. पिवळ्या चकतीच्या कडेवरून बाहेर पडणारी मोठी नीला साधारण तेवढीच रुंद असते. ठिपका त्या नीलेहून मोठा दिसला की तो मोठा. निसर्गाने प्रत्येकाच्या डोळ्यात मोजपट्टी ठेवून दिली आहे आणि डॉक्टरांनी ती बरोबर ओळखली.

पुढची गोष्ट तर बोटांवर मोजता येते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासातून निघालेली ही पद्धत. प्रत्येक डोळ्यात मोठा ठिपका असेल तर एक गुण, काळसर थराचा रंग विस्कटलेला असेल तर आणखी एक. दोन्ही डोळे मिळून शून्य ते चार. पुढल्या पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्यावर जाण्याची शक्यता शून्य गुणाला अर्धा टक्का, एकाला तीन, दोनाला बारा, तीनाला पंचवीस आणि चाराला पन्नास टक्के. ही माणसं फोटो काढला त्या दिवशी कदाचित पेपर वाचत असतील आणि त्यांना काहीही जाणवत नसेल. तरी फोटो पाहून पाच वर्षांपुढचं बोलता येतं. ज्या आजारात गेलेली नजर परत आणणं फार अवघड, त्यात हा आधी मिळालेला वेळ सोन्याच्या मोलाचा आहे.

फोटो वरून बघतो, आत खोल किती बिघडलंय ते त्याला कळत नाही. त्यासाठी ओसीटी नावाची तपासणी आहे. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने वर जाताना दरीकडे तोंड करून हाळी दिली तर समोरच्या कड्यावरून ती परत येते, आणि किती वेळाने आली त्यावरून कडा किती लांब ते सांगता येतं. ओसीटी हेच उजेडाच्या बाबतीत करतं. अडचण एवढीच की उजेड इतका वेगवान आहे की काही मायक्रोमीटरच्या अंतरासाठी त्याचा प्रतिध्वनी कुठल्याही घड्याळात मोजता येत नाही. म्हणून उजेडाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात जातो, दुसरा आरशाकडे. दोन्ही परत आल्यावर एकत्र करतात. दोघांनी तंतोतंत सारखं अंतर कापलं असेल तरच त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळतात, आणि त्या जुळण्यावरून परतणारा थर नेमका किती खोल आहे ते कळतं. डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे तंत्र जगापुढे मांडलं. आज काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद पडद्याला हात न लावता समोर येतो, आणि त्यात पाच मायक्रोमीटरच्या आसपासचे थर वेगळे दिसतात. ठिपके असतील तर काळसर थर खालून उचललेला दिसतो. थराखाली किंवा आत पाणी साचलं असेल तर काळे पोकळ डाग दिसतात. पाणी दिसलं म्हणजे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून झिरपू लागल्या आहेत. यालाच ओला प्रकार म्हणतात. बहुतेकांना सुका प्रकार असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. ओला काही आठवड्यांत नजर ओढून नेतो.

आता यात संगणकाने उडी घेतली आहे. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाबरोबर केलेल्या कामात डीपमाइंड या कंपनीच्या प्रणालीने २०१८ मध्ये ओसीटीचे छेद पाहून पन्नासहून अधिक आजारांत, रुग्णाला किती घाईने तज्ज्ञाकडे पाठवायचं हे नामांकित डॉक्टरांच्या तोडीने सांगितलं. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की पडद्याच्या साध्या फोटोवरून संगणक तो फोटो बाईचा की पुरुषाचा हे सुद्धा जवळजवळ अचूक ओळखतो. आयुष्यभर पडदे पाहिलेल्या तज्ज्ञालाही हे सांगता येत नव्हतं. म्हणजे या लालसर गोलात अजून कितीतरी लिहिलेलं आहे जे माणसाच्या नजरेने वाचलेलंच नाही.

महाराष्ट्राने हे काम लांबून पाहिलेलं नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या प्रत्येकाला तपासणीला बोलावलं. ५८८५ पैकी ४७११ जण आले. शेतकऱ्यांचे, मजुरांचे, म्हाताऱ्या बायांचे पडदे कॅमेऱ्यात उतरले, आणि एएमडीच्या खुणा मोजल्या गेल्या. जगातल्या पुस्तकांत या आजाराची वर्णनं बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या डोळ्यांवरून लिहिलेली आहेत. आपल्या पडद्याचा रंग अधिक गडद, आणि ओल्या प्रकारातलं पॉलिपॉइडल नावाचं रूप आशियात जास्त आढळतं. म्हणून खेड्यातल्या या फोटोंचं मोल मोठं आहे.

दुसरं काम मुंबईतलं. डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत फाउंडेशनने २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेही रुग्णांच्या पडद्यांचे फोटो घेतले. फोटो काढणारे आरोग्य कर्मचारी, त्यांना या कामाचा आधीचा अनुभव नव्हता. निदान फोनमधल्या प्रणालीनेच केलं, इंटरनेट नसताना. वापरता आलेल्या २१३ जणांत तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवेत असे पंधरा होते, आणि ते पंधराही सापडले. पंधरा हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठे दावे करू नयेत. शिवाय ही मधुमेहाच्या पडद्याची तपासणी होती, एएमडीची नव्हे. पण फोटो तोच, कॅमेरा तोच, आणि पीतबिंदू त्या फोटोच्या मधोमध.

महाड ते मुंबई अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर आहे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या माणसाला ते त्याहून लांब पडतं. आधी पायवाट, मग दिवसातून मोजक्या वेळा येणारी एसटी, मग महामार्ग. आणि पावसाळ्यात यातलं काहीही बंद पडू शकतं. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेलं आणि घाटांतले रस्ते दरडींनी तुटले, हे सगळ्यांना आठवत असेल. अशा मुलखात सत्तरीच्या माणसाला नुसत्या शंकेपायी मुंबईला नेणं कुणालाच जमत नाही. त्याचा फोटो मात्र क्षणात जातो. म्हणून मला वाटतं, पडद्याच्या कॅमेऱ्याची सर्वांत जास्त गरज मोठ्या शहरात नसून बिरवाडी, विन्हेरे, पोलादपूर अशा ठिकाणी आहे.

आणि या मुलखाला खुणा वाचायला शिकवावं लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, पुढे पोलादपूरलाही त्यांनी काम केलं. लाल विंचू चावलेल्या रुग्णाच्या उशाशी रात्ररात्र बसून त्यांनी घाम, थंड पडणारे हातपाय, नाडी, रक्तदाब यांची नोंद ठेवली आणि हृदय कधी धोक्यात येणार याच्या आधीच्या खुणा ओळखल्या. १९८२ मध्ये ते निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन या स्वस्त गोळीने शंभरातले चाळीस मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं यंत्र नसताना इथल्या एका डॉक्टरने आजाराच्या आधीची खूण पकडली होती. पिवळे ठिपके ही तशीच आधीची खूण आहे, आणि ती टिपायला आता यंत्रही आहे.

नुसता कॅमेरा आणून ठेवल्याने भागणार नाही, हेही तितकंच खरं. म्हाताऱ्या माणसाला अनेकदा मोतीबिंदूही असतो, आणि धुरकट भिंगातून काढलेला फोटोही धुरकट येतो. तिथे आधी मोतीबिंदू काढावा लागतो, मग फोटो. शस्त्रक्रियेनंतरही नजर सुधारली नाही तर पडदा पाहिलाच पाहिजे. घरची माणसं मात्र तिथेच थांबतात, ऑपरेशन फसलं म्हणतात आणि विषय संपतो. फोटोत खूण दिसल्यावर माणसाला पुढे कुठे पाठवायचं, त्याच्यासोबत कोण जाणार, हेही आधी ठरलेलं हवं.

उपचाराचं थोडक्यात. ओल्या प्रकारात डोळ्यात दिलं जाणारं इंजेक्शन २००५-०६ पासून वापरात आहे. ते झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांना आवरतं, वेळेत सुरू झालं तर नजर वाचवतं, पण पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. सुक्या प्रकाराच्या मधल्या टप्प्यात जस्त, तांबं, क आणि ई जीवनसत्त्व, ल्युटीन यांच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्या आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शाने कमी करतात. त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्याव्यात. विडी-सिगारेट हा टाळता येण्याजोगा सर्वांत मोठा धोका आहे. ती आजच सोडा.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याचं काम सांभाळून घेतो आणि माणसाला महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा. चष्मा लागत असेल तर तो घालून, वाचायच्या अंतरावर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान धरायचं. मधल्या एका तारखेवर नजर ठेवायची. आजूबाजूच्या चौकटींच्या रेषा सरळ आहेत का? कुठे वाकल्या, लाटेसारख्या झाल्या, एखादा चौकोन पुसला गेला का? मग दुसरा डोळा. खिडकीचे गज किंवा दाराची चौकट पाहिली तरी चालते. रेषा नव्याने वाकडी दिसली तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा.

गणपतीला गावी जाल तेव्हा पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर दहा मिनिटं काढा. आई-वडिलांना, आजी-आजोबांना एकेक डोळा झाकून कॅलेंडर बघायला लावा, आणि नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंत तर एवढं आवर्जून म्हणा: मोतीबिंदू बघालच, पण पडद्याचाही फोटो काढा.